नर्सरी प्रवेशाच्या निकालाची वाट पाहताना: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

फॉर्म भरला, मुलाला घेऊन शाळेत जाऊन आलात, आता शाळेनं कळवायचं आहे. या मधल्या आठवड्यांत बहुतेक घरांत कामांचा क्रम उलटा होतो. फीच्या अटी वाचणं, दुसरा पर्याय पक्का करणं, कोणतं उत्तर आलं तर काय करायचं हे बोलून घेणं, ही हातातली कामं बाजूला पडतात. शाळा काय ठरवेल याचा अंदाज मात्र रात्र रात्र जागून बांधला जातो, आणि ते तर कुणाच्याच हातात नसतं. मग एके दिवशी मेल येतो, उत्तर द्यायला दोन-तीन दिवस असतात आणि सगळे मोठे निर्णय शिणलेल्या डोक्यानं घ्यावे लागतात.

खालचे टप्पे खासगी प्लेग्रुप, नर्सरी किंवा केजीच्या प्रवेशासाठी आहेत. पहिले तीन पहिल्याच आठवड्यात उरका. क्रम बदललात तर पुढचे टप्पे जड जातील.

टप्पा १: प्रत्येक शाळेची माहिती एका पानावर आणा

एक कागद घ्या. मोबाइलच्या नोट्समध्ये नको, भिंतीवर किंवा कपाटाच्या दाराला लावता येईल असा कागदच घ्या. अर्ज केलेल्या प्रत्येक शाळेसमोर एवढं लिहा: निकाल कधी, कशावर कळवणार (मेल, एसएमएस, पोर्टल की फोन), होकार आल्यावर किती दिवसांत उत्तर द्यायचं, किती पैसे भरायचे, त्यातले कोणते परत मिळतात, वेटिंग लिस्ट असते का आणि ती केव्हा बंद होते.

काही रकाने रिकामे राहतील. त्यासाठी शाळेच्या कार्यालयात एकदाच फोन करा. "आमच्या मुलाचं काय झालं?" असं विचारलंत तर "कळवू" एवढंच ऐकायला मिळेल. त्याऐवजी असं विचारा: "निकाल साधारण कोणत्या आठवड्यात आणि कशावर येईल? ती तारीख उलटली तर कोणाशी बोलायचं?" या प्रश्नांची उत्तरं समोरच्या माणसाला खरोखर माहीत असतात, त्यामुळे तो ती देतोही.

नेहमीची चूक अशी: फॉर्मवर एका पालकाचा जुना मेल पत्ता दिलेला असतो आणि तो महिनोन्‌महिने उघडलेला नसतो. किंवा मोबाइल नंबर आजोबांचा असतो आणि त्यांना ओळखीच्या नसलेल्या नंबरचे मेसेज पुसून टाकायची सवय असते. अशी जागा उत्तर न दिल्यामुळे जाते, आणि घरात समजूत होते की शाळेनं नाकारलं.

तपासा: भरलेल्या फॉर्मची प्रत काढून मेल पत्ता आणि नंबर अक्षर न्‌ अक्षर वाचा. चूक असेल तर आजच लेखी कळवा. शाळेचा मेल पत्ता तुमच्या संपर्क यादीत जतन करा, म्हणजे पत्र स्पॅममध्ये पडण्याची शक्यता कमी होईल. पोर्टलचा पासवर्ड दोघांकडेही असू द्या.

टप्पा २: नकाराची तयारी निकालाआधीच करा

हा टप्पा सगळ्यांत जास्त टाळला जातो. "आत्तापासून वाईट कशाला बोलायचं, नाट लागेल" असं घरातलं कोणीतरी म्हणतं आणि विषय तिथेच संपतो. मला हा सगळ्यांत महागात पडणारा समज वाटतो, म्हणून इथे थोडं थांबते.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड शाखेतल्या मानसशास्त्रज्ञ केट स्वीनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वकिलीच्या परीक्षेचा निकाल येईपर्यंत चार महिने ताटकळणाऱ्या उमेदवारांचा अभ्यास केला. विषय मनातून झटकून टाकणं, जबरदस्तीनं आशावादी राहणं अशा उपायांनी त्यांचा त्रास फारसा कमी झाला नाही. उलट ज्यांनी वाट पाहताना काळजी सोसली आणि वाईट निकालाची शक्यता गृहीत धरली, ते वाईट बातमी आल्यावर लवकर सावरले आणि पुढच्या कामाला लागले. चांगली बातमी आली तेव्हा त्यांचा आनंदही कमी नव्हता. नकाराचा विचार करणं म्हणजे मुलावर अविश्वास दाखवणं नसतं, हे घरातल्या मोठ्यांना समजावून सांगा.

करायचं काय, तर त्याच कागदाच्या मागे तीन वाक्यं लिहा:

होकार आला तर आम्ही…
वेटिंगवर ठेवलं तर आम्ही…
नकार आला तर आम्ही…

वाक्यात दिवस, माणूस आणि काम ही तिन्ही हवीत. "दुसरीकडे बघू" याला योजना म्हणत नाहीत. "नकार आला तर दुसऱ्याच दिवशी सकाळी मी अमुक शाळेत जाऊन प्रवेश पक्का करेन" ही योजना. मासिकाम्पो आणि बाउमाइस्टर या संशोधकांनी २०११ मध्ये असं दाखवलं की अर्धवट राहिलेलं काम डोक्यात पुन्हा पुन्हा डोकावतं, पण ते केव्हा आणि कसं करायचं याची नेमकी योजना आखली की काम व्हायचं बाकी असतानाही हे डोकावणं कमी होतं. लिहून ठेवण्याचा फायदा त्याच रात्री झोपेत जाणवतो.

आता दुसऱ्या पर्यायाबद्दल. तो खरा हवा. म्हणजे तुम्ही स्वतः जाऊन ती शाळा पाहिलेली हवी, तिथली अर्जाची मुदत उलटून गेलेली नसावी आणि फी झेपणारी हवी. पाहायला गेलात की इमारत, गणवेश आणि फलकावरची यशोगाथा सोडून तीन गोष्टी बघा. एक, एका शिक्षिकेमागे किती मुलं आहेत. अमेरिकेतल्या नॅशनल असोसिएशन फॉर द एज्युकेशन ऑफ यंग चिल्ड्रेन या संस्थेच्या निकषानुसार अडीच ते चार वर्षांच्या मुलांचा गट जास्तीत जास्त १८ चा आणि एका शिक्षकामागे जास्तीत जास्त ९ मुलं असावीत. हा आकडा सोबत ठेवून वर्गात नजर टाका. दोन, मूल रडायला लागलं की बाई काय करतात: त्याच्या उंचीला खाली बसतात की लांबूनच गप्प राहायला सांगतात? तीन, शिक्षिका वर्षभर टिकतात का. हे थेट विचारा.

या तिन्हींत बरी ठरलेली साधी शाळा मोठ्या नावाच्या गर्दीच्या शाळेपेक्षा लहान मुलाला जास्त मानवते, असं माझं स्पष्ट मत आहे. अमेरिकेत १९९१ साली सुरू झालेल्या बालसंगोपनाच्या एका मोठ्या अभ्यासात १,३०० हून अधिक मुलांचा जन्मापासून अनेक वर्षं मागोवा घेतला गेला. मुलाच्या विकासाशी घरातल्या वातावरणाचा आणि पालकांच्या वागण्याचा संबंध पाळणाघराच्या दर्जापेक्षा अधिक घट्ट दिसला. दर्जालाही किंमत होतीच, पण घराइतकी नाही. या वर्षी कोणतं गेट उघडलं एवढ्यावर मुलाचं पुढचं सगळं ठरत नाही.

तपासा: तिन्ही वाक्यं दोघांनाही मान्य आहेत का? एकाला "नकार आला तर आणखी एक वर्ष घरी" वाटत असेल आणि दुसऱ्याला "कुठेही, पण याच वर्षी", तर हा वाद आत्ताच मिटवा.

टप्पा ३: पैशांच्या मुदती एकमेकींना कुठे आडव्या येतात ते पाहा

सगळ्यांत जास्त घरं इथे अडकतात. दुसऱ्या पसंतीच्या शाळेचा होकार आधी येतो आणि ती पाच दिवसांत पैसे भरायला सांगते. पहिल्या पसंतीच्या शाळेचा निकाल मात्र त्यानंतर आठवड्यानं असतो. तारखा कागदावर असतील तर हा पेच तुम्हाला आधीच दिसेल. तेव्हा या क्रमानं जा.

१. परताव्याच्या अटी लेखी वाचा. नोंदणी शुल्क, अनामत आणि पहिल्या सत्राची फी हे तीन वेगवेगळे पैसे आहेत. नोंदणी शुल्क बहुधा परत मिळत नाही. अनामत शाळा सोडताना मिळते, पण शाळा सुरू होण्याआधीच प्रवेश रद्द केला तर मिळेल का, हे वेगळं विचारावं लागतं. कार्यालयात कोणी तोंडी "मिळतील हो" म्हणालं तर त्याच दिवशी मेल करून खातरजमा करा.

२. होकार देणाऱ्या शाळेकडे मुदतवाढ मागा, पण तारीख सांगून. "थोडा वेळ द्या" याला कोणी हो म्हणत नाही. "१४ तारखेला संध्याकाळी पाचपर्यंत नक्की उत्तर देतो" याला म्हणू शकतं.

३. पहिल्या पसंतीच्या शाळेला एक छोटा मेल पाठवा: "आम्हाला दुसरीकडून होकार आला आहे आणि अमुक तारखेपर्यंत उत्तर द्यायचं आहे. आमची पहिली पसंती आपलीच शाळा आहे. त्याआधी निकाल कळणं शक्य असेल तर कृपया कळवावं." यात दबाव नको आणि खोटंही नको. नसलेल्या होकाराची बतावणी करू नका. शाळांची आपापसांत ओळख असते.

४. दोन्हीकडून काही हाती लागलं नाही, तर उरतो एकच हिशेब: ही रक्कम बुडाली तर घराला झेपेल का? ती मर्यादा आजच कागदावर लिहा. रक्कम मर्यादेत असेल तर भरा आणि थांबा. बाहेर असेल तर मिळालेली जागा घ्या आणि पहिल्या शाळेचा विषय मनातून सोडून द्या. दोघेही नोकरी करत असाल आणि मुलाला दिवसा सांभाळायला कोणी नसेल, तर हातची जागा केवळ आशेवर सोडू नका.

सावधान: नेमक्या याच काळात "माझी आत ओळख आहे, सीट करून देतो" म्हणणारे लोक भेटतात. हातघाईला आलेला पालक पैसे देतो आणि पावती मागत नाही. शाळेच्या अधिकृत खात्याशिवाय कुठेही पैसे भरू नका. मेसेजमध्ये आलेल्या लिंकवरून भरण्याआधी शाळेच्या छापील किंवा संकेतस्थळावरच्या नंबरवर फोन करून खात्री करा. "आज रात्रीपर्यंतच" अशी घाई जिथे असेल तिथे आधी थांबा.

टप्पा ४: काळजीला दिवसातली एक वेळ द्या

हातातली कामं संपली की डोकं मोकळं होतं आणि मग मुलाखतीची उजळणी सुरू होते. मूल रडलं, रंग विचारला तर बोललं नाही, बाईंनी काहीतरी लिहून घेतलं, ते काय असेल? या वयातलं मूल एखाद्या सकाळी कसं वागेल हे त्याच्या झोपेवर, भुकेवर आणि अनोळखी जागेवर ठरतं. लहान मुलांमध्ये रोज वावरणाऱ्या शिक्षिकांना ते माहीत असतं. शिवाय निर्णयात मुलाच्या वागण्याशिवाय बरंच काही असतं: भावंडांसाठी राखलेल्या जागा, वयाची अट, मुलगे-मुलींचा समतोल, वर्गाची क्षमता. यातलं काहीच तुमच्या त्या अर्ध्या तासात ठरलेलं नसतं.

तरी विचार येणारच. ते दडपू नका, त्यांना वेळ ठरवून द्या. मानसशास्त्रज्ञ बोर्कोवेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये मांडलेली पद्धत साधी आहे. रोज एकाच वेळी, एकाच ठिकाणी अर्धा तास फक्त काळजीसाठी ठेवायचा. दिवसभरात विचार आला की एका ओळीत टिपायचा, "संध्याकाळी साडेसहाला बघू" म्हणायचं आणि हातातल्या कामाकडे परतायचं. त्या अर्ध्या तासात यादी उघडून प्रत्येक ओळीपुढे लिहायचं: यावर मी काही करू शकते का? हो असेल तर काय आणि कधी. नाही असेल तर पुढची ओळ. ही वेळ झोपण्याआधीची नको आणि जागा अंथरूण नको. पहिले काही दिवस जमत नाहीसं वाटेल, तरी चालू ठेवा.

मेल आणि पोर्टल दिवसातून दोनदाच पाहा, तेही दोघांपैकी ठरलेल्या एकानंच. पालकांचा व्हॉट्सअॅप ग्रुप म्यूट करा. "आमच्याकडे आला, तुमच्याकडे?" हा मेसेज वाचून तुमच्या निकालात काडीचा फरक पडत नाही, फक्त छातीत धडधड वाढते. शाळा सगळे मेल एकाच वेळी पाठवतातच असं नाही.

स्वीनी यांच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली: काळजी सुरुवातीला आणि निकालाच्या तोंडावर सर्वाधिक असते, मध्ये ओसरते. म्हणून शेवटच्या आठवड्याची सोय आधीच करा. हात आणि लक्ष दोन्ही गुंततील असं एखादं काम राखून ठेवा: शिवण, माळ्यावरची आवराआवर, पेटीवर नवीन राग बसवणं. नुसतं टीव्हीसमोर बसून भागत नाही. मन पूर्ण रमेल अशा कामात वाट पाहणं सुसह्य होतं, हे याच गटाच्या पुढच्या संशोधनात दिसलं.

दोघांपैकी एकजण सतत बोलतो आणि दुसरा "होईल गं सगळं" म्हणून विषय मिटवतो, हेही घरोघरी होतं. बोलणाऱ्यानं ठरलेल्या वेळी बोलावं. ऐकणाऱ्यानं तेवढा वेळ फोन बाजूला ठेवून ऐकावं, उपाय सुचवू नयेत.

सावधान: दोन आठवडे झोप नीट लागत नसेल, जेवण जात नसेल, कामावर लक्ष लागत नसेल किंवा मुलावर वारंवार ओरडलं जात असेल, तर डॉक्टरांना भेटा. चिंता किती आहे हे मोजणारी जीएडी-७ नावाची सात प्रश्नांची चाचणी ते घेऊ शकतात. तिचे गुण २१ पैकी असतात आणि १० किंवा अधिक आले तर पुढची तपासणी करतात. जिवाला अपाय करून घेण्याचे विचार येत असतील तर थांबू नका, त्याच दिवशी मदत घ्या.

टप्पा ५: मुलाच्या कानावर काय पडतं ते सांभाळा

१९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एक वर्षाच्या बाळांना काचेच्या टेबलावर ठेवलं होतं. काचेखाली सुमारे ३० सेंटिमीटरचा खड्डा दिसत होता आणि पलीकडे आई उभी होती. आईनं चेहऱ्यावर आनंद दाखवला तेव्हा १९ पैकी १४ बाळं ती काच ओलांडून गेली. भीती दाखवली तेव्हा १७ पैकी एकही गेलं नाही. आई एक शब्दही बोलली नव्हती. तुमचं तीन वर्षांचं मूल याहून बरंच जास्त वाचतं, आणि शब्दही ओळखतं.

तेव्हा फोनवर मावशीला "मुलाखतीत नुसतं रडलं गं, काय होणार कोण जाणे" असं त्याच्यादेखत सांगू नका. पाहुण्यांसमोर "कोणत्या शाळेत जाणार तू?" हा प्रश्न निघाला तर तुम्हीच उत्तर द्या: "अजून ठरतंय." एकाच शाळेचं नाव घेऊन "तिथे मोठी घसरगुंडी आहे" अशी स्वप्नंही रंगवू नका. निकाल उलटा आला तर ते परत कसं घेणार? निकालाच्या दिवसांत रंग, आकडे, अक्षरं घोकून घेणंही बंद करा. परीक्षा होऊन गेली आहे, आता ते घोकणं फक्त तुमच्या काळजीसाठी चाललेलं असतं.

मूल अचानक चिकटायला लागलं, रात्री उठायला लागलं किंवा पुन्हा अंथरूण ओलं करायला लागलं, तर आधी घरातला ताण तपासा. झोपण्याच्या, जेवण्याच्या, खेळण्याच्या वेळा जशाच्या तशा ठेवा. तरीही काही आठवडे चालू राहिलं तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

टप्पा ६: निकालाचा दिवस

मेल आला की दोघं एकत्र असाल तेव्हाच उघडा. मूल दुसऱ्या खोलीत किंवा झोपलेलं असू द्या. पूर्ण वाचा. "अभिनंदन" किंवा "खेद" या पहिल्या शब्दावर थांबलं की खालची मुदत हमखास नजरेतून सुटते. मुदतीची तारीख आणि वेळ कागदावर लिहा, मग टप्पा २ मधलं तुमचंच वाक्य वाचा आणि त्याप्रमाणे करा. आधी पैसे आणि कागदपत्रं, नंतर नातेवाइकांना फोन. पावतीचा फोटो काढून दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. जिथे जायचं नाही त्या शाळांना त्याच आठवड्यात लेखी कळवा. परतावा मिळणार असेल तर तो मागण्याची मुदतही याच पत्रापासून मोजली जाऊ शकते.

नकार असेल तर त्या दिवशी शाळेला काहीही लिहू नका. दुसऱ्या दिवशी दोनच प्रश्न विचारा: वेटिंग लिस्टमध्ये नाव घालता येईल का, आणि पुढच्या वर्षी वरच्या वर्गात किती जागा निघतात? "आमच्याच मुलाला का नाही घेतलं?" याचं खरं उत्तर सहसा मिळत नाही, आणि मिळालं तरी त्याचा उपयोग नसतो.

टप्पा ७: वेटिंगवर असाल तर

वेटिंग लिस्ट म्हणजे रांग, असा समज आहे. पुष्कळ ठिकाणी ती रांग नसते. ज्या गटातली जागा रिकामी झाली त्या वयाचं मूल घेतलं जातं, त्यामुळे तिसरा क्रमांक पहिल्याच्या आधी लागू शकतो. जागा बहुधा दोनदा हलतात: पैसे भरण्याची मुदत संपल्यावर, आणि शाळा सुरू होण्याच्या आसपास, जेव्हा काही कुटुंबं गाव बदलतात किंवा दुसरीकडे जातात.

म्हणून पत्र एकदाच पाठवा, पहिल्या मुदतीनंतर लगेच:

"आमच्या मुलाचं नाव आपल्या वेटिंग लिस्टमध्ये आहे. जागा उपलब्ध झाल्यास आम्ही प्रवेश घेऊ आणि एका दिवसात पैसे भरू. संपर्कासाठी हे दोन नंबर आहेत. शाळा सुरू झाल्यानंतरही जागा निघाल्यास कळवावं."

यातलं दुसरं वाक्य तेव्हाच लिहा, जेव्हा ते खरं असेल. रोज फोन करून नाव वर सरकत नाही. दुसरी चौकशी थेट शाळा सुरू होण्याच्या आठवडाभर आधी करा. दरम्यान दुसऱ्या शाळेत प्रवेश पक्का करा आणि मुलाला तिथे मनापासून पाठवा. सत्र सुरू झाल्यावर बोलावणं आलं तर मूल रुळलंय का हे पाहून ठरवा. रुळलेलं मूल हलवायला मोठ्या नावापेक्षा सबळ कारण हवं. वेटिंगवर किती दिवस राहायचं याची तारीख कागदावर लिहा आणि ती उलटली की नाव काढून घ्या.

टप्पा ८: मुलाला सांगणं

जागा पक्की होऊन पैसे भरेपर्यंत मुलाला काही सांगायची गरज नाही. त्यानंतरही फार आधी नको. तीन वर्षांच्या मुलाला "दोन महिन्यांनी" म्हणजे काय ते कळत नाही. शाळा सुरू व्हायच्या दोनेक आठवडे आधी सांगा, आणि ठोस सांगा: सकाळी कोण सोडेल, बाईंचं नाव काय, डबा कधी खायचा, कोण घ्यायला येईल. शाळा परवानगी देत असेल तर एकदा रिकाम्या वर्गात नेऊन त्याला चप्पल ठेवायची जागा आणि स्वच्छतागृह दाखवून आणा.